नांगर आणि मूरिंग यांच्यातील फरक: एसेक्सच्या खाडीतील वीस महिने

१४ ऑगस्ट २०२१ रोजी, शनिवारी सकाळी आठच्या सुमारास, ओहोटी लागलेली असताना मी लहान रबरी होडीतून माझ्या बोटीकडे वल्हवत गेले, तेव्हा बोटीच्या कठड्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले एक पत्र दिसले. पत्र त्या खाडीचा कारभार पाहणाऱ्या बंदर-मंडळाचे होते. परवानगीशिवाय नांगर टाकल्याबद्दल प्रत्येक रात्रीचे १२ पौंड भरावेत, बोट आणि तिचे पाण्याखालचे सर्व सामान १४ दिवसांत हलवावे, आणि तसे न केल्यास बोट माझ्या खर्चाने उचलून नेली जाईल, असे त्यात लिहिले होते. बोट त्या खाडीत १२ जूनपासून, म्हणजे ६३ रात्री, उभी होती. मी तेथेच बसून गुणाकार केला, तो ७५६ पौंडांचा झाला.

या देशात, इंग्लंडमध्ये, आल्यानंतरची पहिली काही वर्षे व्हिसाच्या कागदपत्रांत गेलेल्या माणसाला एक सवय लागते. अधिकृत शिक्क्याचे पत्र आले की त्यातील प्रत्येक शब्द खराच असणार, असे धरून आपण चालतो. मीही त्या दिवशी घरी येऊन पैसे भरण्याच्या तयारीला लागले होते. पुढच्या वीस महिन्यांत मला समजले की त्या पत्रातील काही भाग बरोबर होता आणि काही भाग चुकीचा होता, आणि माझ्याही वागण्यात तसेच दोन्ही होते. ही दोन्ही टोके सोडवायला मला जितका वेळ लागला तितका दुसऱ्या कोणाला लागू नये, म्हणून हा सर्व क्रम तारखांसह लिहीत आहे.

बोट मी मे २०२१ मध्ये २,४०० पौंडांना विकत घेतली होती. ती ६.४ मीटर लांबीची, जुनी, शिडाची बोट आहे आणि तिच्या तळाला दोन बाजूंना दोन कील, म्हणजे खाली उतरणारी पाती, आहेत, त्यामुळे ओहोटीला पाणी गेले तरी ती चिखलावर सरळ उभी राहते. माझे आजोळ दाभोळच्या खाडीकाठी. तेथे मामांची होडी पावसाळा संपला की पाण्यात उतरत असे आणि ती कोठे उभी करायची हे मामा पाणी पाहून ठरवत. मी लहान असताना त्यांना यासाठी कोणाकडे अर्ज करताना पाहिले नव्हते. त्यामुळे जवळच्या मरीनामध्ये बोट ठेवण्याचे वर्षाचे भाडे २,३०० पौंड, म्हणजे जवळजवळ बोटीच्या किमतीइतके आहे हे कळल्यावर, खाडीत नांगर टाकून बोट ठेवावी हा विचार मला स्वाभाविक वाटला. ज्यांच्याकडून बोट घेतली त्या गृहस्थांनीही सांगितले की भरतीच्या पाण्यात नांगर टाकण्याचा हक्क इंग्लंडमध्ये मॅग्ना कार्टापासून सर्वांना आहे. मी नंतर मॅग्ना कार्टाचा १२१५ चा मजकूर वाचला. त्याच्या तेहतिसाव्या कलमात थेम्स, मेडवे आणि इतर नद्यांतील मासेमारीचे बांध काढून टाकण्याची आज्ञा आहे, नांगराचा उल्लेख त्यात कोठेही नाही. हक्क खरा आहे, पण तो तेथून आलेला नाही.

सुरुवातीचे दोन आठवडे बोट खरोखरच नांगरावर होती. त्या खाडीत पूर्ण ओहोटीला दीड मीटर पाणी असते आणि उधाणाची भरती त्यावर सुमारे पाच मीटर चढते, म्हणून हिशेब साडेसहा मीटर पाण्याचा धरावा लागतो. पूर्ण साखळी असेल तर खोलीच्या किमान चौपट, आणि पुढे साखळी व मागे दोर असेल तर सहा-सात पट लांबी सोडावी लागते. माझ्याकडे २० मीटर साखळी आणि ३० मीटर दोर होता. ओहोटीच्या वेळी पाहून दोर सोडणारा माणूस भरतीला आपली बोट वाहून गेलेली पाहतो, ही गोष्ट मला मामांनी व्हिडिओ कॉलवर पहिल्याच दिवशी बजावली होती. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न, "तळ कसला आहे, चिखल की रेती?" असा होता, आणि चिखल म्हटल्यावर त्यांना बरे वाटले.

पण दर शनिवारी नांगर उपसणे आणि रविवारी पुन्हा टाकणे मला एकटीला जड जाऊ लागले. जूनच्या अखेरीस मी सुमारे दीडशे किलोचा काँक्रीटचा ठोकळा खाडीच्या कडेला चिखलात सोडला, त्याला साखळी आणि वर एक बोया लावला, आणि बोट त्याला बांधू लागले. तळावर कायम राहणाऱ्या अशा व्यवस्थेला मूरिंग म्हणतात. फिरायला जाताना बोया तेथेच तरंगत राहत असे आणि परत आल्यावर तो उचलून बांधला की काम होत असे. हा बदल मला किरकोळ वाटला होता. कायद्याच्या दृष्टीने सगळा फरक नेमका तेथेच होता.

पत्र मिळाल्यानंतर सोमवारी, १६ ऑगस्टला, मी बंदर-मंडळाच्या कार्यालयात फोन केला. फोनवरील व्यक्ती सौजन्याने बोलली, पण नांगर टाकण्यास मनाई कोणत्या कायद्याने आहे याचे उत्तर तिच्याकडे नव्हते. म्हणून २० ऑगस्टला मी लेखी पत्र पाठवले. त्यात चार गोष्टी विचारल्या: मंडळाला अधिकार देणारा कायदा कोणता, लागू होणारे उपविधी कोणते, बंदराची हद्द दाखवणारा नकाशा कोठे मिळेल, आणि १२ पौंडांची आकारणी कशाबद्दल आहे. उत्तर येईपर्यंत बोटीवर कारवाई करू नये अशी विनंतीही केली. २ सप्टेंबरला पोच आली आणि कारवाई स्थगित ठेवल्याचे कळले. असे पत्र लिहिताना भांडण्याचा सूर ठेवू नये, आणि फोनवर झालेले प्रत्येक बोलणे त्याच दिवशी ईमेलने लिहून कळवावे. पुढे तारखा दाखवण्याची वेळ आली तेव्हा मला याचाच उपयोग झाला.

उत्तराची वाट पाहत असताना मी स्वतः शोध सुरू केला. प्रथम लँड रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर खाडीच्या तळाची नोंद पाहिली. मालकीचा उतारा ३ पौंड आणि नकाशा ३ पौंड, असा तेव्हा दर होता. तळाची मालकी क्राउन इस्टेटची, म्हणजे राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची, होती आणि बंदर-मंडळाने तो भाडेपट्ट्याने घेतला होता. इंग्लंडमध्ये किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा जवळजवळ सगळा समुद्रतळ आणि भरती-ओहोटीच्या रेषांमधला सुमारे निम्मा पट्टा क्राउन इस्टेटकडे आहे. त्यामुळे ज्यांना अशी नोटीस येईल त्यांनी आपल्या बोटीखालची जमीन कोणाची आहे हे उतारा आणि नकाशा काढून पाहून घ्यावे, कारण कधी कधी मधला एखादा तुकडा खासगी मालकीचाही निघतो.

त्यानंतर मी चेम्सफर्डच्या एसेक्स रेकॉर्ड ऑफिसात एक दिवस बसून बंदराचा जुना स्थानिक कायदा वाचला. इतर सर्वसाधारण कायदे सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. १८४७ च्या बंदरविषयक कायद्याचे ५२ वे कलम हार्बर मास्टरला, म्हणजे बंदराच्या प्रमुख अधिकाऱ्याला, जहाज कोठे उभे राहावे, कोठे नांगर टाकावा याबद्दल सूचना देण्याचा अधिकार देते आणि बहुतेक स्थानिक बंदर-कायद्यांनी ते आपल्यात सामावून घेतलेले आहे. १९६४ च्या हार्बर्स ॲक्टचे २६ वे कलम बंदराला बोटींकडून बंदर-शुल्क घेऊ देते, आणि शुल्क अवाजवी वाटल्यास ३१ व्या कलमाखाली मंत्र्यांकडे हरकत नोंदवता येते. म्हणजे बंदराच्या हद्दीत आल्याबद्दल शुल्क आणि हार्बर मास्टरची सूचना या दोन गोष्टी मला बंधनकारक होत्या. नांगर टाकण्याची रात्रीगणिक आकारणी मात्र मला त्या स्थानिक कायद्यात कोठे सापडली नाही.

मी रॉयल यॉटिंग असोसिएशन या हौशी बोटवाल्यांच्या संस्थेची सभासद होते. या संस्थेचा कायदा विभाग सभासदांना सल्ला देतो, हे मला तोवर माहीत नव्हते. २३ सप्टेंबरला मिळालेल्या सल्ल्याने माझ्या मनातील सगळा गुंता नांगर आणि मूरिंग अशा दोन भागांत विभागला. त्यात ज्या निवाड्यांचा उल्लेख होता ते मी एकेक करून वाचले. इंग्रजी कायद्याची भाषा जुनी आणि लांबलचक आहे, तरी त्यातली माणसे आणि त्यांची पाणी-चिखलाची भांडणे मला फार जवळची वाटली.

पहिला निवाडा १८४५ चा, आमच्याच एसेक्समधला. कोल्चेस्टरच्या नगरसंस्थेने कोल्न नदीच्या पात्रात कालवांचे वाफे केले होते आणि एक जहाज ओहोटीला त्यांवर टेकले. भरतीच्या पाण्यात जाण्या-येण्याचा जनतेचा हक्क ओहोटीला पाणी कमी झाले म्हणून संपत नाही, पुढच्या भरतीची वाट पाहत जहाज तळावर टेकू शकते. मात्र टाळता येण्यासारखे नुकसान निष्काळजीपणे करण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही, असे न्यायालयाने सांगितले. माझ्या दोन कीलांच्या बोटीसाठी हा निवाडा फार मोलाचा होता.

दुसरा खटला १८६५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर, आला. केंटमधील व्हिट्स्टेबलच्या कालव-मच्छीमारांची एक कंपनी १७९३ च्या कायद्याने स्थापन झाली होती. तिच्या मालकीच्या तळावर नांगर टाकणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून ती एक शिलिंग मागत असे, आणि गॅन नावाच्या जहाजमालकाने तो देण्यास नकार दिला. लॉर्ड चॅन्सेलर वेस्टबरी यांनी निर्णय देताना म्हटले की भरतीच्या पाण्याखालचा तळ राजसत्तेचा असला तरी ती मालकी प्रजेच्या हितासाठी आहे आणि नौकानयनाच्या हक्काला तिने बाधा येता कामा नये. नांगर टाकण्याचा हक्क हा नौकानयनाच्या हक्काचा आवश्यक भाग आहे, कारण त्याशिवाय तो हक्क पूर्णपणे उपभोगता येत नाही. तळ राजसत्तेकडून दुसऱ्याला मिळाला, तरी तो या हक्काचे ओझे घेऊनच मिळतो. मी हे वाक्य तीनदा वाचले. मामांनी कधी न विचारलेल्या परवानगीमागचे तत्त्व असे सुसंगत शब्दांत कोणीतरी मांडलेले मी पहिल्यांदाच वाचत होते.

मात्र या निवाड्यावर विसंबून कोणाशी वाद घालण्याआधी पुढचाही वाचावा. त्याच कंपनीने चार वर्षांनी, १८६९ मध्ये, फोरमन नावाच्या दुसऱ्या प्रतिपक्षाविरुद्धच्या खटल्यात तो शिलिंग मिळवला. या वेळी तिने केवळ तळाच्या मालकीवर भर दिला नव्हता, त्या ठिकाणी बंदर म्हणून अनादी काळापासून चालत आलेली वहिवाट पुढे केली होती. याचा अर्थ मी असा घेतला की तळाच्या मालकीच्या जोरावर नांगराचे पैसे मागता येत नाहीत; पण जेथे बंदर म्हणून जुनी वहिवाट असेल, किंवा संसदेने कायद्याने अधिकार दिला असेल, तेथे ते मागता येऊ शकतात.

तिसरा निवाडा माझ्या विरुद्ध जाणारा होता. १९६८ मध्ये कोर्ट ऑफ अपीलसमोर हॅम्पशरमधील एम्सवर्थजवळच्या फाउली रिद या खाडीचे प्रकरण आले. गॅफर्ड नावाच्या गृहस्थांनी तळाचा ताबा असलेल्या कंपनीच्या परवानगीशिवाय तेथे कायमचे मूरिंग बसवले होते. न्यायालयाने सांगितले की प्रवासाच्या ओघात नांगर टाकणे किंवा तात्पुरते बांधून राहणे हा हक्क आहे, पण तळात कायमचे सामान पुरून ठेवणे हा नौकानयनाचा भाग नाही, त्यासाठी तळाच्या मालकाची संमती लागते. स्कॉटलंडमध्येही क्लाइडच्या आखातातील फेअर्लीच्या प्रकरणात १९७९ मध्ये हाच निष्कर्ष निघाला. बोट निघाली की नांगर तिच्याबरोबर वर येतो. माझा काँक्रीटचा ठोकळा येत नव्हता. तो तळावर राहून ती जागा माझ्यासाठी अडवून ठेवत होता, आणि तेथे येऊन नांगर टाकू इच्छिणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या हक्कावर ते माझे अतिक्रमण होते. हे मान्य करायला मला दोन-तीन दिवस लागले, कारण तोवर मी स्वतःला केवळ अन्याय झालेली व्यक्ती समजत होते.

बंदर-मंडळाच्या उत्तराची वाट न पाहता ठोकळा काढायचे मी ठरवले. कामाच्या बोटीने तो उचलण्याचे १८० पौंड सांगितले गेले. शेजारच्या बोटीचे वयस्कर मालक म्हणाले की तेच काम भरती फुकट करील. ६ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या होती, म्हणजे त्यानंतर दोन दिवसांनी मोठे उधाण येणार हे मला भरतीचे कोष्टक उघडण्याआधीच कळले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, हा मामांचा हिशेब एसेक्सच्या किनाऱ्यावरही तासाभराच्या फरकाने जमतो, पण तो अंदाजापुरता ठेवावा आणि काम कोष्टक पाहूनच करावे. ८ ऑक्टोबरला, शुक्रवारी, सकाळी आठच्या सुमारास पाणी पार सुकले. आम्ही चिखलावर फळ्या टाकून ठोकळ्यापर्यंत गेलो आणि ३० पौंडांना मिळालेली दोनशे-दोनशे लिटरची दोन बंद पिंपे त्याला अगदी आखूड साखळीने बांधली. एसेक्सचा चिखल माणसाला कमरेपर्यंत ओढतो, म्हणून तेथे एकट्याने कधीही उतरू नये आणि भरती फिरण्याच्या किमान अर्धा तास आधी बाहेर यावे. दुपारी पाणी चढत गेले, पिंपे बुडत गेली, आणि एकच्या सुमारास चिखलाने पकड सोडून ठोकळा वर आला. पाण्यावर दोन निळी पिंपे अचानक उसळलेली पाहून मला किती हलके वाटले ते सांगता येणार नाही. काम करण्यापूर्वी हार्बर मास्टरला ईमेलने वेळ कळवली होती आणि झाल्यावर छायाचित्रे पाठवली.

लेखी उत्तर ११ आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याच्या दिवशी आले. रात्रीगणिक १२ पौंडांची मागणी मागे घेतली होती. त्यासाठी दिलगिरीचा शब्द नव्हता, पण आकारणी "मूरिंगसंबंधी असून नांगर टाकण्यास लागू नाही", असे स्पष्ट लिहिले होते. त्या हंगामाचे बंदर-शुल्क ६८ पौंड मला भरायचे होते, ते मी त्याच दिवशी भरले. नांगर टाकण्यासाठी मुख्य जलमार्गाबाहेरचे तीन पट्टे सुचवले होते आणि एका जागी सलग १४ दिवसांहून अधिक काळ राहायचे असल्यास कळवावे अशी सूचना होती. मला ती न्याय्य वाटली. पाण्यात सर्वांचा हक्क असेल तर त्याची वाटणी कोणीतरी करावी लागते. माझी तक्रार पहिल्या पत्राबद्दल होती, ज्यात कायदा न सांगता भीती दाखवली होती. माझ्यासारख्या किती जणांनी तसे पत्र पाहून पैसे भरले असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

बोटीला कायमची जागा हवी असेल तर मूरिंगचा परवाना मागणे हाच मार्ग होता. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी मी अर्ज दिला. अर्जासोबत बोटीची लांबी, रुंदी, पाण्याखालची खोली, मालकीचा पुरावा आणि तीस लाख पौंडांपर्यंतच्या तृतीय-पक्ष विम्याचे प्रमाणपत्र लागले. विम्याचा हप्ता वर्षाला ९६ पौंड आला. समुद्रतळावर काहीही टाकायचे असेल तर २००९ च्या सागरी कायद्याखाली मरीन मॅनेजमेंट ऑर्गनायझेशन या सरकारी संस्थेचा वेगळा परवाना लागतो का, हा प्रश्न मला पडला होता. बंदर-मंडळाच्या संमतीने बसवलेल्या साध्या मूरिंगला २०११ च्या सूट-आदेशाने त्यातून वगळले आहे. पण बंदराच्या हद्दीबाहेर मूरिंग बसवायचे असेल तर ही सूट गृहीत धरू नये, आधी विचारून घ्यावे. अर्ज पोहोचल्यावर उत्तर आले की प्रतीक्षायादीत माझा क्रमांक सतरावा आहे.

बोट त्या हिवाळ्यात जमिनीवर राहिली. २०२२ चा उन्हाळा मी पूर्णपणे नांगरावर काढला, आणि सगळ्या प्रकरणातला तो भाग मला सर्वांत प्रिय आहे. दर आठवड्याच्या अखेरीस बोट एका जागेहून दुसऱ्या जागी नेत असे, कधी एका पट्ट्यात, कधी शेजारच्या खाडीत. हक्क कागदावर वाचणे वेगळे आणि रात्री दोन वाजता वारा फिरल्यावर, भरतीचा ओढ एका दिशेला आणि वारा दुसऱ्या दिशेला असताना, साखळीचा आवाज ऐकत जागे राहणे वेगळे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवल्या की नांगर घसरतो आहे का ते कळते. अंधारासाठी वर एक पांढरा दिवा आणि दिवसा नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, काळा गोळा लावावा लागतो. सात मीटरखालच्या बोटीला यातून सूट आहे असे मला पुष्कळांनी सांगितले. पण अरुंद मार्ग, नेहमीची नांगरजागा किंवा इतर बोटी जिथून जातात अशा जागेत ती सूट मिळत नाही, आणि खाडीत बहुतेक जागा अशाच असतात. माझा गोळा १२ पौंडांना आला.

नांगर कोठे टाकू नये हेही त्या उन्हाळ्यात शिकले. एसेक्सच्या ब्लॅकवॉटर, क्राउच, रोच आणि कोल्न या खाड्यांचा पट्टा २०१३ पासून देशी कालवांसाठी सागरी संवर्धन क्षेत्र आहे. डॉर्सेटच्या स्टडलँड उपसागरात समुद्री गवत आणि त्यात राहणारे समुद्रघोडे वाचावेत म्हणून डिसेंबर २०२१ पासून नांगर न टाकण्याचा ऐच्छिक पट्टा आखला गेला आहे. सुटी घेऊन आम्ही तेथे गेलो तेव्हा स्वच्छ पाण्यात ते गवत पाहिले. फिरणारी साखळी त्याला मुळासकट उपटते. २००९ च्याच कायद्याने अशा क्षेत्रांत नांगर टाकण्यावर उपविधीने निर्बंध घालता येतात, आणि जेथे खरोखर हानी होते तेथे ते घालावेत असे माझे मत आहे. ज्या हक्कासाठी मी पत्रे लिहिली त्याचा उपयोग गवताची कुरणे नांगरण्यासाठी व्हावा असे मला वाटत नाही.

जुलैमध्ये रेल्वेने व्हिट्स्टेबललाही जाऊन आले. ओहोटीला दूरवर उघडा पडलेला तळ, कालवांच्या शिंपल्यांचे ढीग आणि बाहेर उभ्या बोटी पाहत मी बराच वेळ किनाऱ्यावर बसले होते. एका शिलिंगासाठी माणसे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली ती जागा मला डोळ्यांनी पाहायची होती.

९ फेब्रुवारी २०२३ रोजी मूरिंग देऊ केल्याचे पत्र आले. यादी माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर सरकली, कारण सतरा जणांपैकी अनेकांच्या बोटींना अधिक खोल पाणी हवे होते आणि ही जागा ओहोटीला सुकणारी होती. दोन कीलांच्या बोटीला त्याची अडचण नाही, म्हणून अर्जात बोट सुकत्या जागेवर उभी राहू शकते हे ठळकपणे लिहावे. वर्षाचे शुल्क बंदर-शुल्कासह ३१० पौंड होते. ठोकळा, जाड तळसाखळी, वरची साखळी, स्विव्हल (फिरती कडी) आणि बोया हे सर्व सामान मंडळाने मान्य केलेल्या कंत्राटदाराकडूनच बसवायचे होते आणि त्याचे ४२० पौंड झाले. परवाना माझ्या नावाचा आणि या बोटीपुरता आहे. बोट विकली तर तो नव्या मालकाकडे जात नाही, ही अट सही करण्यापूर्वी वाचावी, कारण "मूरिंगसह बोट" अशा जाहिराती मी पाहिल्या आहेत.

मूरिंग २२ एप्रिल २०२३ रोजी, शनिवारी, अक्षय्य तृतीयेला बसले. मुहूर्त कोणी पाहिला नव्हता. दोन दिवसांपूर्वी अमावास्या झाली होती आणि कंत्राटदाराला उधाणाची सुकती हवी होती. सकाळी आठ वाजता तो ठोकळा चिखलात बसवत होता आणि मी फळीवर उभी राहून साखळी जोडणाऱ्या प्रत्येक कडीची, शॅकलची, खीळ तारेने बांधली गेली आहे ना ते पाहत होते. ही तार गंजून तुटली की खीळ फिरत फिरत निघते आणि बोट एखाद्या वादळी रात्री सुटते, म्हणून दर वसंतात साखळी उचलून पाहणे परवान्यातच बंधनकारक केलेले आहे. दुपारी पाणी भरल्यावर मी बोट आणून बोयाला बांधली. मामांना व्हिडिओ कॉल केला तेव्हा त्यांनी विचारले की नांगर आता विकणार का. नांगर बोटीच्या नाळेतच आहे, साखळीला दर पाच मीटरवर नवा रंग दिला आहे, आणि पुढच्या पौर्णिमेच्या उधाणावर कोल्नच्या मुखाशी दोन रात्री काढायचे आम्ही ठरवले आहे.